भरवशाची गाडी : कोकणातल्या मोटारी, मिस्त्री आणि दुरुस्तीच्या खर्चाचा इतिहास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि आम्हाला दोन फोन आले. पहिल्याने विचारले, 'सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज टाकलंत काय?' दुसऱ्याचे विचारणे जास्त कामाचे होते. 'दहा वर्षं टिकेल आणि खर्चात पाडणार नाही अशी गाडी कुठली, तेवढं फोनवरच सांगा, म्हणजे व्याख्यानाला यायला नको.' दोघेही आज समोर बसलेले दिसताहेत. पहिल्याला उत्तर देण्याची गरज नाही. दुसऱ्यासाठी मात्र तासभर बोलावे लागणार आहे, कारण त्याचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही आणि क्षुल्लक तर मुळीच नाही.

आपल्या कणकवलीसारख्या गावात गाडी म्हणजे घराखालोखालचा खर्च. कित्येकांची चूल गाडीवर पेटते. आणि श्रावणातल्या एखाद्या रात्री घरातल्या माणसाच्या छातीत कळ आली, डॉक्टर म्हणाले 'बांबोळीला हलवा', की गोव्याची हद्द ओलांडून मेडिकल कॉलेजपर्यंत ती गाडी न थांबता जाईल की नाही, एवढाच प्रश्न जगात उरतो. त्या वेळी गाडीचा रंग, तिची पिकअप, तिच्या पडद्यावरची गाणी कुणाला आठवत नाहीत. उरतो तो भरवसा. आणि तो नेमका असतो कुठे? आपण 'अमुक कंपनीची गाडी भरवशाची' असे म्हणतो तेव्हा आंब्याच्या गोडीसारखा तो त्या गाडीतच भरलेला गुण आहे, असे धरून चालतो. गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. भरवसा जागा बदलत आला आहे. एके काळी तो मिस्त्रीच्या हातात होता, मग कारखान्यात गेला, आता बराचसा कंपनीच्या संगणकात आणि गोदामात जाऊन बसला आहे. तो जसा हलला तसे बिलाचे रूपही बदलले.

आधी आपल्या परीक्षाकेंद्राबद्दल दोन शब्द. होय, कोकण हे मोटारींचे परीक्षाकेंद्रच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मालवण-देवगडच्या बाजूला खारा वारा, जांभ्याचा लाल चिखल, आणि कोल्हापूर-बेळगावकडे जायचे तर फोंडा, करूळ, आंबोली यांपैकी एक घाट चढणे आलेच. ही झाली सर्वांना दिसणारी कारणे. न दिसणारे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते : आपल्याकडे गाड्या फार उभ्या राहतात. चाकरमान्याने गावच्या घरासाठी ठेवलेली गाडी गणपतीत आणि मे महिन्यात धावते, बाकीचे दिवस पडवीत नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये. बॅटरी उतरते, ब्रेक जाम होतात, रबर कडक होते, दाराच्या तळाशी साचलेले पाणी पत्रा खात बसते. चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून कुजते, अशी आमच्याकडच्या गाडीची तऱ्हा. तेव्हा पुण्या-मुंबईचा पाहुणा 'आमची दहा वर्षं झाली, हात लावला नाही' म्हणतो, त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याची गाडी या परीक्षेला बसलेली नसते, एवढेच.

आता इतिहासाकडे वळू. हिंदुस्थानात मोटारी जुळवण्याचे काम मुंबईत फार आधी सुरू झाले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. पुढे मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवले की जो देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम हाती घेईल त्यानेच राहावे, नुसते जोडकाम नको. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मोटारगाडी म्हणावी अशा तीनच घरच्या उरल्या : उत्तरपाड्याची अँबॅसेडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. शिवाय जीप.

म्हणजे बघा, 'कुठली गाडी घ्यावी' हा प्रश्नच तीसएक वर्षे जवळजवळ रजेवर होता. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. विकली जाणारच अशी खात्री असली की बनवणाऱ्याचा हात सैल पडतो. तक्रारी इतक्या झाल्या की १९६७ मध्ये केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच मिस्त्रीकडे नेऊन तिचे नटबोल्ट आवळून घ्यायचे, हा तेव्हाचा शहाणपणा होता.

आणि तरीही त्या काळातल्या माणसाला विचारा, तो डोळे मिटून सांगेल, 'फियाटसारखी गाडी होणे नाही.' कागदोपत्री तिचे नाव बदलत गेले. फियाट ११००, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढे सलग बाक. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडके. ड्रायव्हर शांतपणे खाली उतरे, बॉनेट उघडे, ओले फडके पंपावर ठेवी, विडी ओढी आणि दहा मिनिटांनी निघे. फोंडाघाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली तर 'काय झालं' म्हणून कुणी विचारत नसे. पॉइंट पॉलिश पेपरने घासून मिळत. प्लग काढून साफ करायचे, कार्बोरेटर खोलून फुंकायचा, किंगपिनला ग्रीस भरायचे. अँबॅसेडरचे शास्त्र याहून फार निराळे नव्हते. इंजिन मोठे, १४८९ सीसीचे, अंग जड, पाटे दणकट, तहान जास्त. मोठे काम निघाले, बोअरिंग करायचे किंवा क्रँक घासायचा, तर इंजिन उतरवून टेम्पोत घालायचे आणि कोल्हापूरला पाठवायचे. कोल्हापूरची लेथ मशिने आणि फाउंड्र्या नसत्या तर कोकणातली निम्मी वाहने परसात कोंबड्या बसायला ठेवावी लागली असती.

ही दुरुस्ती स्वस्त होती, यात वाद नाही. का स्वस्त होती ते पाहिले पाहिजे, आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

पहिले कारण असे की गाडी बदलतच नव्हती. तीस वर्षे तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स. लायसन्स-परमिटच्या काळाची ती नामुष्की होती, पण त्या नामुष्कीतून एक फायदा निघाला. एका गाडीवर शिकलेला हात पुढच्या हजार गाड्यांवर चाले. जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला बसे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांची जी बाजारपेठ उभी राहिली तिचा पाया हाच. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी इतकी वर्षे का सांभाळली? ती बिघडत नव्हती म्हणून नव्हे. ती कुठेही, कुणाकडूनही, त्याच दिवशी नीट होत होती म्हणून. टॅक्सी गॅरेजमध्ये उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बुडाला. त्याच्या हिशोबात महिन्यातले चार छोटे बिघाड परवडत, चार दिवसांचा एक खाडा परवडत नसे.

दुसरे कारण सांगताना जीभ जड होते. मिस्त्रीचे कसब स्वस्त होते आणि त्याच्या हाताखालच्या पोराचे तर फुकटच. दहा-बारा वर्षांचा मुलगा, शाळा सुटलेली, रॉकेलच्या डब्यात बेअरिंगे धुतोय, बोटांना भेगा पडल्यात, मजुरी म्हणजे दोन वेळचे जेवण आणि 'शिकतोय ना' हा दिलासा. आपल्यापैकी ज्यांना त्या काळच्या कमी बिलांचा उमाळा येतो त्यांनी त्या बिलात हा आकडा कधी धरला होता का? आम्हीही धरला नव्हता. तेव्हा जुने ते सोने म्हणताना जरा जपून.

तिसरे कारण मात्र आम्हाला मनापासून मोलाचे वाटते. ते म्हणजे उधारी. आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही. आंबा-काजूच्या हंगामात येतो, मुंबईहून मनीऑर्डर आली की येतो. मिस्त्रीला ते ठाऊक असे. 'आंबे गेले की दे' असे म्हणून तो गाडी सोडून देई. फियाट पैसे मागायची ती चिल्लरीत आणि उधारीवर, आताची गाडी मागते ते बंद्या नोटेत आणि रोख. वर्षअखेर बेरीज कदाचित सारखीच येईल, पण ज्याची मिळकत हंगामी आहे त्याला या दोन मागण्या सारख्या नसतात. कुठली गाडी खर्चिक हे ठरवणारे तक्ते हा फरक कधीच दाखवत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. परवा एकाने आम्हाला रस्त्यावरची जुनी जीप दाखवली, म्हणाला, 'बघा, चाळीस वर्षांची आहे, अजून मिरग सुरू झाला की शेतावर जाते. आताच्या गाड्या जातील का?' तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला हा युक्तिवाद ऐकून राहवत नाही. बाबा रे, तुला दिसते आहे ती जगलेली जीप. तिच्याबरोबर विकल्या गेलेल्या, भंगारात जाऊन ज्यांचे पत्रे केव्हाच वितळले, त्या जीप तुला कशा दिसणार? स्मशानात जाऊन मोजणी केल्याशिवाय गावाचे आयुष्यमान सांगू नये.

आता १९८३. १४ डिसेंबरला मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, किंमत पन्नास हजारांच्या आत. आपल्याकडच्या मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले ते नवी सून पाहावी तसे. पत्रा पातळ, चाके एवढीशी, इंजिन आडवे बसवलेले, ओढ पुढच्या चाकांना. 'ह्या डब्यान घाट कसो चढतलो?' असा प्रश्न होता. डबा घाट चढला. वाफ न अडकता चढला. सकाळी एका किल्लीत सुरू झाला, पावसातही झाला. जागोजाग ग्रीस भरायचे कामच तिने ठेवले नव्हते. पुढच्या एक्सेलचे रबरी बूट फाटले आणि चिखल आत गेला तर जॉइंट जायचा, क्लचची केबल तुटायची, आणि आमच्या हवेत तळाचा पत्रा गंजायचा. या तीन गोष्टींवर लक्ष ठेवले की बाकी निभावून जाई.

इथे भरवसा मिस्त्रीच्या हातातून कारखान्यात गेला, असे आम्ही म्हणतो. सुझुकीबरोबर नुसते इंजिन आले नव्हते, मापाचा काटेकोरपणा आला होता, सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांना तो पाळायला लावणारी शिस्त आली होती, आणि गावोगाव अधिकृत सर्व्हिस देणारी व्यवस्था आली. आमच्या घरी १९९६ मध्ये जुनी मारुती आली तोवर कणकवलीच्या मिस्त्रींनीही ती आपलीशी केली होती. कार्बोरेटरचीच गाडी ती, उघडून पाहता येत होती. कारखान्याचा काटेकोरपणा आणि गावच्या हाताला वाव, अशी दोन्हीकडची सोय त्या एका गाडीत दहा-पंधरा वर्षे नांदली. आमच्या मते मोटार बाळगणाऱ्या साध्या माणसाच्या दृष्टीने तो सर्वांत बरा काळ. मतभेद असू शकतात. पुढच्या रांगेत एक मान आत्ताच नकारार्थी हलली!

१९९१ नंतर गाड्यांची रांग लागली आणि 'कुठली घ्यावी' हा प्रश्न रजेवरून परत आला. टाटा सुमो १९९४ ची, नाव सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन ठेवलेले. इंडिका १९९८ ची. तिच्याविषयी सुरुवातीला भरपूर तक्रारी आल्या, कंपनीने सुधारून २००१ मध्ये व्ही-टू आणली आणि तीच पुढे टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. टोयोटाची क्वालिस २००० मध्ये आली. तिच्या डिझेल इंजिनाचे लाखांत किलोमीटर सांगणारे ड्रायव्हर अजून भेटतात, आणि तिच्या जागी इनोव्हा आली तेव्हा हळहळणारेही. महिंद्राची बोलेरो तर घाटातल्या गावांत जीपची वारस म्हणून बसली. वर्षा-दोन वर्षांत एखादे मॉडेल बदलू लागले, आणि मिस्त्रीची एका गाडीवर शिकण्याची वर्षे संपली.

या काळाने आणखी एक धडा दिला, तो फार जणांनी पदरचे पैसे मोजून घेतला. प्रीमियरनेच पूजो कंपनीशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात १९९४ पासून पूजो ३०९ काढली. चालवणारे तिची तारीफ करत. तीन-चार वर्षांत भागीदारी मोडली, कारखाना थांबला, आणि मालकांच्या हाती चांगली गाडी आणि रिकामे सुट्या भागांचे दुकान उरले. मग देवू. सिएलो आली, मॅटिझ आली, आणि कोरियातली मूळ कंपनीच गडगडली. पुढे ओपल गेली. शेव्हरोलेने २०१७ अखेर इथली विक्री बंद केली. त्यांची तवेरा पर्यटक वाहणाऱ्यांच्या आवडीची होती. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही इथला कारखानदारीचा डाव मोडत असल्याचे जाहीर केले. गेलेल्या कंपन्यांनी भाग आणि सर्व्हिस चालू ठेवण्याची हमी दिली, काहींनी पाळलीही. पण जुनी गाडी विकायला काढा, बाजार त्या हमीला किती किंमत देतो ते लगेच समजते. गाडी मरण्याआधी कंपनी मरू शकते, ही शक्यता अँबॅसेडरच्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

परदेशात या प्रश्नाची तड लावायला संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९३६ मध्ये ग्राहकांची एक संघटना निघाली. तिच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने पुढे वाचकांनाच प्रश्नावल्या धाडून कुठल्या गाडीचा कुठला भाग किती वेळा बिघडतो याचे तक्ते छापायला सुरुवात केली. जर्मनीत एडीएसी ही मोटारवाल्यांची संस्था रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करते आणि त्या हाकांचीच मोजदाद वर्षाला प्रसिद्ध करते. यात कुणाच्या मेहुण्याची गाडी हा पुरावा धरत नाहीत. आपल्याकडे अजूनही बहुतांशी मेहुण्यावरच काम चालते. एस.टी. स्टँडसमोर चहा पिताना दहा जणांना विचारा, दहा ठाम मते मिळतील, प्रत्येकामागे फार तर दोन गाड्या.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाने कमी भाव देतो. मग चांगली गाडी असलेला म्हणतो, या भावात कशाला विकू? तो बाजारातून उठतो आणि मागे उरतो तो कचरा. आपल्याकडे हा बाजार तसा बुडाला नाही, याचे श्रेय आम्ही मिस्त्रीला देतो. जुनी गाडी घेताना त्याला बरोबर न्यायचे. तो इंजिनावर कान ठेवायचा, ऑइलची कांडी काढून बोटावर चोळायचा, पायपुसणे उचलून तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचा. शेवटी एक वाक्य : 'गाडी बरी आसा, पण खाऱ्या वाऱ्यातली आसा.' त्या वाक्यावर घरे सौदा करत किंवा मोडत.

आता सांगतो आमच्या उंदराची गोष्ट. कोकणात उंदीर हा मोटारींच्या इतिहासातला एक अदखलपात्र घटक आहे. उभ्या गाडीत ऊब असते, वायरीचे आवरण त्याला का आवडते ते त्यालाच माहीत. जुन्या गाडीत वायर कुरतडली तर वायरमन यायचा, टेस्टर लावून तुटलेली शोधायचा, सोलून पिळायचा, वर टेप. गेल्या पावसाळ्यात आमच्या आताच्या गाडीत तेच झाले. तिचे नाव सांगत नाही. अधिकृत ठिकाणी नेली. सांगण्यात आले की वायर जोडता येत नाही, अख्खा संच बदलावा लागेल, भाग मागवावा लागेल, तीन आठवडे. बिलाचा आकडा ऐकून आम्हाला पहिल्या वर्षीचा पगार आठवला. वर्षभराचा, बरे का! शेवटी गावातल्या एका वयस्क वायरमनने तासा-दीड तासात कुरतडलेल्या तिन्ही वायरी जोडून दिल्या. मात्र पडद्यावरचा इशाऱ्याचा दिवा विझेना. तो विझवायला यंत्र लागते, ते यंत्र त्याच्याकडे नव्हते. गाडी नीट चालत होती आणि आपण आजारी आहोत असे सांगत होती.

हे असे का झाले याला कारणे आहेत, सगळी वाईट नाहीत. धूर कमी व्हावा म्हणून नियम कडक झाले : एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार, एप्रिल २०२० पासून सहा. इंधन मोजून फवारायचे, धूर तपासायचा, तर सेन्सर आणि संगणक हवाच. सुरक्षेचेही तेच. हवा स्वच्छ झाली तर आम्हाला हवीच आहे. पण त्या संगणकाशी बोलण्याची भाषा कुणाच्या ताब्यात असावी, हा धुराशी संबंध नसलेला प्रश्न आहे.

२०१४ हे साल लक्षात ठेवा. जानेवारीत शेवटची मारुती ८०० बनली. मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबला, अँबॅसेडर संपली. आणि २५ ऑगस्टला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आक्षेप असा की कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका आणि दोष शोधणारी यंत्रे खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, त्यामुळे मालक अधिकृत केंद्राला बांधला जातो आणि भागांना हवा तो भाव लावता येतो. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण निकालपत्राचा मथितार्थ आमच्या वायरमनला कुणी समजावून सांगायला नको होता.

यावर एक जुनी गोष्ट आठवते. पाली भाषेतल्या 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, राजा, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून निराळा कुठे रथ आहे का? तोही नाही. सुटे भाग एका नात्याने जुळले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो. नागसेनाला हे माणसाविषयी सांगायचे होते. आम्ही ते भरवशाला लावून बघतो. भरवसा इंजिनात शोधला, सापडला नाही. कंपनीच्या नावात शोधला, कंपनीच निघून गेली. मिस्त्रीच्या हातात होता म्हणावे तर आज तोच हात दिव्याखाली असहाय आहे. गाडी, रस्ता, हात, भाग, माहिती आणि उधारी जुळून आली तर भरवसा; यातले एक जरी कुणी कुलपात घातले तर बाकीचे सगळे असून नुसता पत्रा.

म्हणून दुसऱ्या फोनवाल्या मित्राला आम्ही कंपनीचे नाव सांगणार नाही. तो रागावेल. त्याने इतकेच करावे : शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या मिस्त्रीकडे जावे आणि विचारावे, 'यातली कुठली तुला उघडता येते?' आणि उत्तर ऐकून बांबोळीपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी, अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकापुढे ठेवावी ही कल्पना. आम्हाला आनंद झाला. लगोलग जाऊन आमच्या त्या वायरमनला सांगितले. तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीखाली आडवा होता. आतूनच त्याने विचारले, 'सर, तेच्यात वायरिंगचो नकाशो आसा काय?'

शोधून सांगतो, असे म्हणून आम्ही आलो. अजून सांगायचे राहिले आहे.